उजव्या डोळ्यानं काढलेले तेजोमेघ

माझ्या उजव्या डोळ्याच्या अगदी मधोमध एक डाग आहे. ऐंशी साली आमच्या भागावरून खग्रास सूर्यग्रहण गेलं, तेव्हाचा. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि आम्ही हुबळीत दुर्गदबैलला, कापडाच्या दुकानाच्या वरच राहत होतो. त्या दुपारी बाजार इतका ओस पडला होता की हातगाडीचं एक चाकसुद्धा वाजत नव्हतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकान बंद केलं, वरच्या खिडक्यांच्या फळ्या लावल्या, पाण्याच्या हंड्यांवर तुळशीची पानं ठेवली आणि सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. मी हळूच उठले, पश्चिमेच्या खिडकीपाशी गेले, फळीच्या फटीला उजवा डोळा लावला आणि उंदरानं कुरतडल्यासारखा दिसणारा सूर्य डोळाभरून बघितला. आईची हाक येईपर्यंत बघत राहिले.

संध्याकाळी जिकडे बघावं तिकडे मधोमध पिवळा ठिपका दिसायला लागला. पुढे तो करडा झाला आणि तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा भाजलाय, ह्याला औषध नाही. डाव्या डोळ्यानं मला सगळं नीट दिसतं. पण डावा झाकून उजव्यानं माणसाकडे बघितलं की त्याचा चेहरा गायब होतो. कान, खांदे, मागची भिंत, सगळं असतं, फक्त चेहरा नाही. चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. लहानपणी हा माझा खेळच होता. न आवडणाऱ्या पाहुण्याला मी असं घालवून टाकायची.

नातेवाईक म्हणायचे, "नको म्हटलं तरी बघितलं, आता भोग." मला ते तेव्हाही पटलं नाही. बघू नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं. कसं बघायचं, हे एकानंही सांगितलं नव्हतं.

मी चित्रकला शिकायची ठरवली तेव्हा मामी म्हणाली, "दीड डोळ्यानं कसली चित्रं काढणार?" मी धारवाडला शिकले आणि तिथल्याच एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिक्षिका म्हणून लागले. लग्नाचं बघायला लोक यायचे, डोळ्याचं कळलं की निरोप यायचा. एकदा मुलाच्या आईनं मला डावा डोळा झाकायला लावला, समोर हात धरला आणि विचारलं, "सांग, किती बोटं?" मी म्हटलं, "तुमची बोटं, तुम्हीच मोजा," आणि आत निघून गेले. त्यानंतर घरात लग्नाचा विषय फारसा निघाला नाही. मला बरंच वाटलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात संध्याकाळच्या आकाशात मोठा धूमकेतू आला. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या टीचरनी कुठून तरी दुर्बीण आणली आणि दिवेलागणीनंतर आम्हा शिक्षकांना शाळेच्या गच्चीवर बोलावलं. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठ्या, धारवाडच्याच. मी त्यांना अक्का म्हणायची. धूमकेतू बघून झाल्यावर अक्कांनी दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवली. मृगाच्या पोटातल्या बाणाजवळ एक तेजोमेघ आहे, म्हणाल्या. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधला वायूचा आणि धुळीचा ढग. एकेक जण डोळा लावायचा आणि म्हणायचा, "चार तारे दिसतात. ढगबिग काही नाही."

"थेट बघू नका," अक्का सगळ्यांना सांगत होत्या. "जरा बाजूला नजर टाका, म्हणजे ढग दिसेल. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याचा मधला भाग आंधळा असतो. बाजूचा भागच कामाचा."

"कुणाच्या डोळ्याचा?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या. तुझ्या, माझ्या, हेडमास्तरांच्या."

माझी पाळी आली तेव्हा मी उजवा डोळा पुढे केला. अक्कांना माझ्या डोळ्याचं माहीत होतं. "अगं, तुझा चांगला डोळा लाव," त्या म्हणाल्या. मी ऐकलं नाही. माणसाचा चेहरा बघायला मी त्याच्या कानाकडे बघायची, तसं त्या चार ताऱ्यांच्या जरा वरच्या अंगाला बघितलं. आणि पंख पसरलेला एक करडा पक्षी समोर आला. एका पंखाची कड धारदार होती, दुसरा पंख विरत विरत अंधारात गेला होता, आणि दोन्हीच्या मधे काळी खाच होती. मी जे दिसतंय ते बोलत गेले. अक्कांनी मला बाजूला करून स्वतः बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "दुसरा पंख मला आज पहिल्यांदा दिसला."

त्या रात्री घरी येऊन मी तो तेजोमेघ आठवणीनं काढला. सकाळी बघितला आणि फाडून टाकला. आठवणीनं काढलेला तेजोमेघ खोटा असतो. डोळा दुर्बिणीला आणि पेन्सिल कागदाला, असं एकाच वेळी व्हायला हवं, आणि त्यासाठी स्वतःची दुर्बीण हवी.

वर्षभरानं ती झाली. आरसा पुण्याहून मागवला, नळी म्हणून दुर्गदबैलच्या हार्डवेअरच्या दुकानातून जाड प्लॅस्टिकचा पाइप आणला, आणि सुताराकडून लाकडी बैठक करून घेतली. तेव्हा मी धारवाडच्या कडेला, केलगेरीला भाड्याच्या घरात राहत होते. आई गेल्यावर अप्पाही माझ्याकडे राहायला आले होते. दुकान अण्णा बघायचा, माझा थोरला भाऊ. घराला गच्ची होती, पलीकडे तळं, आणि संध्याकाळी हमखास वीज जायची. सगळी गल्ली विजेच्या नावानं बोटं मोडायची. मी मात्र दिवे गेले की जिना चढायची.

चित्र काढायची रीत मी हळूहळू बसवली. डब्याचं झाकण ठेवून कागदावर वर्तुळ काढायचं. ते म्हणजे दुर्बिणीतून दिसणारं आकाश. आधी ठळक तारे मांडायचे, त्यांच्या आधारानं बारीक तारे, आणि शेवटी तेजोमेघ. पेन्सिलीची पूड कापसाच्या बोळ्यानं कागदावर चोळायची, कड हवी तिथं बोटानं, खाच हवी तिथं रबरानं. पांढऱ्या कागदावर काळे तारे. डोळ्याला सवय झाली की ते उलटं वाटत नाही. कागद दिसावा म्हणून टॉर्चवर दुकानातलं लाल मांजरपाट दुहेरी बांधलं होतं. उजवा डोळा दुर्बिणीसाठी, डावा कागदासाठी. उजव्याला मी कधी टॉर्चचा उजेडही लागू दिला नाही. एकेका चित्राला तास-दीड तास लागायचा, मान अवघडायची. पण ज्या गोष्टीच्या जागी पहिल्या मिनिटाला नुसता धुराचा डाग दिसायचा, तिच्यात हळूहळू कड, गाठ, शेपूट उमटायला लागायची.

अण्णाला हे पसंत नव्हतं. एका रविवारी आला आणि म्हणाला, "अंधारात गच्चीवर एकटी उभी राहतेस. शेजारचे म्हणतात, नळी त्यांच्या खिडकीकडे असते."

"त्यांना वर पाठव. काय दिसतं ते दाखवते."

"तू लोकांना काय काय दाखवणार? आणि एवढं करून मिळतं काय? एका डोळ्याचं तर झालंच, आता दुसराही घालवशील."

"घालवला तर माझाच जाईल, अण्णा."

तो अप्पांकडे वळला. "तुम्ही तरी सांगा हिला." अप्पा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले.

अप्पा माझ्या दुर्बिणीबद्दल कधीच बोलत नसत, आणि ग्रहणाबद्दल तर नाहीच. पण अण्णा गेल्यावर त्याच संध्याकाळी ते जिना चढून वर आले. गुडघे दुखत होते, कठड्याला धरून उभे राहिले. मी देवयानी तारकासमूहातली दीर्घिका काढत होते, म्हणजे फार लांबचा अब्जावधी ताऱ्यांचा पुंजका. मी बाजूला झाले आणि म्हटलं, "बघता?"

त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. "काही दिसत नाही."

"मधे बघू नका, अप्पा. कडेला बघा."

बराच वेळ ते वाकून राहिले. मग म्हणाले, "कंदिलाच्या काचेवर वाफ धरते तसं काहीतरी."

"तेच ते."

ते सरळ झाले, पण खाली गेले नाहीत. अंधारात मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. म्हणाले, "त्या दिवशी फळ्या मीच लावल्या होत्या. पश्चिमेच्या खिडकीची एक फळी तडकलेली होती, मला माहीत होतं. त्यात चिंधी कोंबायला हवी होती. इतकी वर्षं रोज वाटतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यावर रागावलेत. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही ती फट बुजवली असतीत तर मी दुसरी शोधली असती."

ते हसले. अप्पा फार हसत नसत. मग म्हणाले, "म्हणजे डोळ्याचं तसं काही वाईट झालं नाही म्हणायचं?"

"वाईट झालंच," मी म्हटलं. मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. आजही कुणी मला म्हणतं, डाग पडला हे एका परीनं वरदानच, तेव्हा माझं डोकं फिरतं. वरदान कसलं? सुईत दोरा ओवताना मी दोनदा चुकते, पायऱ्या उतरताना पाय चाचपून टाकावा लागतो. डाग तो डागच. पण डाग पडलाय म्हणून आकाश माझं नाही, हे मला कुणी सांगायचं नाही, इतकंच.

दोन हजार सालानंतर हुबळी-धारवाड ह्या जुळ्या शहरांतल्या हौशी आकाश बघणाऱ्यांची एक मंडळी जमली. अक्का त्यात होत्या, त्यांनी मलाही नेलं. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनियर होते. माणूस वाईट नव्हता. मंडळींसाठी स्वतः खुर्च्या उचलायचा. एका जानेवारीत त्यांनी धारवाडच्या एका सभागृहात आकाशाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मी माझी चित्रं बोर्डावर लावून घेऊन गेले.

त्यांनी ती टेबलावर मांडून बघितली. "छान आहेत, टीचर. हात चांगला आहे तुमचा. पण ही प्रदर्शनात नको."

"का, सर?"

"आता अवकाशातून घेतलेले फोटो मिळतात. लाल, निळे, गुलाबी. त्यांच्या शेजारी हे पेन्सिलीचे धब्बे ठेवले तर लोक हसतील."

"हसू देत. मी जे बघितलं ते काढलंय."

त्यांनी एक बोर्ड माझ्याकडे सरकवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या डोळ्याचं सगळ्यांना माहीत आहे. उद्या कुणी विचारलं, ह्यातलं खरं किती आणि डोळ्यातला दोष किती, तर मी काय उत्तर देऊ?"

अक्का काही बोलायला लागल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. "उत्तर तुम्ही का द्यायचं? मला विचारू देत."

"नियम म्हणजे नियम, टीचर. छायाचित्रांचं प्रदर्शन आहे."

मी चित्रं गोळा केली. रागारागानं रिक्षात बसले. घरी आले तर अण्णा आलेला होता, अप्पांची औषधं घेऊन. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "डोळ्यात दोष म्हणाला? अक्कांच्या समोर?"

"हो."

"मग तू काय करणार?"

"सभागृहाच्या फाटकाबाहेर रस्ता आहे. रस्ता त्यांच्या मालकीचा नाही. तिथं दुर्बीण लावणार आणि चित्रं टांगणार."

"कशावर टांगणार?"

ते मी ठरवलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी संध्याकाळी मी आणि अक्का रिक्षातून दुर्बीण घेऊन पोचलो, तर फाटकाबाहेर अण्णाचा टेम्पो उभा. दुकानात साड्या टांगून ठेवायचे दोन लोखंडी स्टँड आणि चिमट्यांची एक पिशवी त्यानं हुबळीहून आणली होती. मी अक्कांना घ्यायला गेले तेवढ्यात घरून अप्पांनाही घेतलं होतं; ते पुढच्या सीटवर बसले होते, शाल पांघरून. "वाऱ्यानं कागद उडेल, खालीही चिमटे लाव," अण्णा म्हणाला आणि स्वतःच चित्रं लावायला लागला, नवा माल मांडावा तसा, डोळ्याला बरं दिसेल असं अंतर ठेवून.

अंधार पडला तसा मृग झाडांच्या वर आला. मी दुर्बीण त्या तेजोमेघावर लावली. आतून लोक बाहेर यायला लागले, लाल-निळे फोटो बघून डोळे दिपलेले. पहिल्या बाई आल्या त्या नवऱ्याला ओढतच. त्यांनी डोळा लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बण्णान इल्लल्री!" रंगच नाही हो ह्याला!

"नाही दिसत रंग," मी त्यांना कन्नडमध्येच सांगितलं. "कॅमेरा तासन् तास उजेड साठवतो म्हणून त्याला रंग दिसतात. आपल्या डोळ्याला ह्या दुर्बिणीतून असंच दिसतं. कडेला नजर ठेवा, घाई करू नका."

त्या परत वाकल्या. मग म्हणाल्या, "होगि इद्दंग ऐति." धुरासारखं आहे. नंतर स्टँडवरचं माझं चित्र बघितलं, परत दुर्बिणीत बघितलं, परत चित्र. "हे आणि ते एकच," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "आतला फोटो दुसराच कुठला तरी."

रांग लागली. अण्णा रांग लावत होता, दुकानात सणासुदीला लावतो तशी. एका गृहस्थानं चित्रांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या डिझाइनचं कापड आहे का?" अण्णा म्हणाला, "कापड हुबळीला, दुर्गदबैलला. हे डिझाइन वरचं आहे."

गर्दी बघून अध्यक्ष बाहेर आले. "टीचर, हे बरं नाही. आत कार्यक्रम चालू आहे, लोक इथंच अडकलेत. आणि तुम्ही त्यांना सांगताय की फोटो खोटे."

"खोटे म्हटलं नाही. डोळ्याला काय दिसतं ते दाखवतेय. तुम्हीही बघा, सर. चित्र शेजारी आहे. दोष कुठं आहे तो दाखवा."

लोक ऐकत होते. अध्यक्षांना मागे फिरता येईना. त्यांनी डोळा लावला. शांतपणे, चांगला वेळ घेऊन बघितलं. तेवढं मान्य करायला हवं. मग चित्रापाशी गेले, माझ्या लाल टॉर्चनं ते निरखलं, परत दुर्बिणीपाशी आले. शेवटी त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "खालच्या पंखातला हा तारा. हा तिथं नाही."

मी बघितलं. उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्या डोळ्यानं, मग परत उजव्या. तारा नव्हता. पेन्सिलीचा कण चिकटून राहिला असेल, किंवा मला भास झाला असेल, कोण जाणे. माझे कान तापले. अण्णा माझ्याकडे बघत होता, टेम्पोतून अप्पा बघत होते, सगळी रांग बघत होती.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "हा तारा नाही." पिशवीतून रबर काढलं आणि सगळ्यांच्या देखत तो ठिपका खोडला. मग टॉर्च त्यांच्या हातात परत दिला. "आता पुढचं सांगा. आणखी काय नाही?"

ते परत वाकले. ह्या वेळी त्याहून जास्त वेळ. मी मनातून घाबरले होते, ते नाकारत नाही. एकदा त्यांनी विचारलं, "वरच्या पंखाची ही फिकट वळलेली कड, ही कशी बघायची?" मी म्हटलं, "चार ताऱ्यांच्या वरच्या अंगाला नजर ठेवा. आणि मान हलवू नका." आणखी थोडा वेळ गेला आणि त्यांच्या तोंडून "हां," एवढंच आलं.

ते सरळ झाले. "बाकीचं आहे," म्हणाले. माझ्याकडे न बघता फाटकातून आत गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात फाटकावरचा झगझगीत दिवा बंद झाला. त्यांनीच जाऊन बटण दाबलं होतं. रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या, कारण दिवा गेल्याबरोबर आकाशात एकदम कितीतरी तारे आले होते.

अण्णा मात्र समाधानी नव्हता. स्टँड टेम्पोत चढवताना म्हणाला, "माफी मागायला हवी होती त्यानं."

"मला माफी नकोय," मी म्हटलं. "भिंत हवीय."

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात अध्यक्षांनी मला दाराजवळचं अर्धं टेबल देऊ केलं. मी नाही म्हटलं. पूर्ण भिंत द्या, नाहीतर मी बाहेर बरी. बरीच चर्चा झाली, मंडळींतले दोघं माझ्याशी बोलेनासे झाले, आणि शेवटी भिंत मिळाली. अध्यक्षांनीच खुर्चीवर चढून खिळे ठोकले. एक खिळा वाकडा गेला, तो मी काढून सरळ ठोकला. आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण नंतर नंतर ते कधी कधी केलगेरीच्या गच्चीवर यायचे, आणि एखादी अंधुक दीर्घिका त्यांना दिसली नाही की निमूट विचारायचे, "टीचर, नजर कुठं ठेवू?"

मग केलगेरीलाही पिवळे दिवे आले, घरं वाढली, वीज जाणं कमी झालं. लोक मला सांगायला लागले, आता इथून काही दिसायचं नाही, सोडून द्या. अण्णा महिन्यातून एकदा, अमावास्येच्या सुमाराला, टेम्पो पाठवतो, आणि मी नि अक्का हल्याळच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर जातो.

सप्तर्षींच्या शेपटीपाशी एक फिकट दीर्घिका आहे. माझ्या दुर्बिणीच्या अगदी हद्दीवरची. दर उन्हाळ्यात मी तिच्या मागे लागते आणि दर उन्हाळ्यात ती मला दिसत नाही. कधी हवेत धूळ असते, कधी काही कारणच नसतं. मी वर्तुळ काढते, आजूबाजूचे तारे नीट मांडते, ती असायला हवी तिथं तास-दीड तास बघते, आणि ती जागा कोरी ठेवते. अक्का एकदा म्हणाल्या, "अगं, फोटोत बघून थोडी पूड चोळ ना तिथं. कुणाला कळणार आहे?" मी चोळली नाही. कागदाखाली "दिसली नाही" असं लिहिलं, सही केली आणि तो कागद प्रदर्शनातल्या माझ्या भिंतीवर बाकीच्यांच्या ओळीत लावला. ह्या उन्हाळ्यात नवा कागद घेऊन परत जाणार आहे.